तोफांनी शंभर, तापाने चार हजार
वाल्खेरेनच्या मोहिमेचा हिशेब

विद्यार्थी मित्रहो, मी पदार्थविज्ञान शिकवतो. लढायांच्या सनावळ्या सांगणे हा काही माझा विषय नव्हे. तरीही आज मी तुम्हाला एका लढाईची गोष्ट सांगणार आहे. तिचा शेवट तलवारीने झाला नाही, तोफेनेही नाही. तो कशाने झाला हे समजायला पुढे जवळजवळ नव्वद वर्षे लागली. प्रथम पुढील आकडे नीट पहा.

मोहिमेवर निघालेले अधिकारी व सैनिक : ३९,२१९
शत्रूच्या हातून ठार झालेले : १०६
रोगाने मेलेले : ३,९६०
१ फेब्रुवारी १८१० रोजी अद्याप आजारी असलेले : ११,५१३

हे आकडे ब्रिटिश सैन्याच्या सरकारी हिशेबातले आहेत. मोहीम होती १८०९ सालची, हॉलंडच्या किनाऱ्यावरील वाल्खेरेन नावाच्या बेटावरची. आता कागद-पेन्सिल घ्या आणि थोडा भागाकार करा. शत्रूच्या हातून मेले दर हजारी तिघांहूनही कमी. रोगाने मेले दर हजारी सुमारे १०१. म्हणजे शत्रूने एक माणूस मारला तेव्हा रोगाने सदतीस मारले! मृत आणि आजारी यांची बेरीज केली तर ती १५,५७९ भरते. निघालेल्या दर पाच माणसांपैकी दोन माणसे कामातून गेली.

मग सांगा, या फौजेचा पराभव कोणी केला?

मोहीम कशासाठी होती?

फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि तिच्या पाठोपाठ १७९२ पासून युरोपात युद्धे पेटली. ती थेट १८१५ पर्यंत, मध्ये थोडी उसंत घेत, चालूच राहिली. फ्रान्सविरुद्ध ऑस्ट्रिया, प्रशिया, रशिया, ब्रिटन अशी राष्ट्रे एकत्र येत, हरत, फुटत आणि पुन्हा एकत्र येत. अशा एकंदर सात आघाड्या झाल्या असे इतिहासकार मानतात. ब्रिटन १७९३ साली या युद्धात उतरले. त्याचे आरमार बलाढ्य, पण भूसेना त्या मानाने लहान. त्यामुळे जहाजे जिथे पोचतील तिथे फौज उतरवायची, शत्रूला चिमटा काढायचा, दोस्तांवरचा भार हलका करायचा, अशी ब्रिटनची रीत पडली. वेस्ट इंडीजची बेटे, हॉलंड, इजिप्त, पोर्तुगाल अशा ठिकाणी ब्रिटिश फौजा गेल्या त्या याच रीतीने.

१८०९ साली पाचवी आघाडी उभी राहिली. ऑस्ट्रिया डॅन्यूब नदीच्या काठी नेपोलियनशी झुंजत होता. ब्रिटनने ठरवले की आपण शेल्ट नदीच्या मुखाशी धडक मारावी. या नदीवर अँटवर्प हे मोठे बंदर आहे. तेथील गोद्यांत नेपोलियन नवी लढाऊ जहाजे बांधवून घेत होता. ती जहाजे जाळायची, गोद्या उद्ध्वस्त करायच्या आणि नदीचा मार्ग बंद करायचा, असा बेत होता. भूसेनेचा प्रमुख होता अर्ल ऑफ चॅटॅम आणि आरमाराचा सर रिचर्ड स्ट्रॉन. लहानमोठी मिळून सहाशेंवर जहाजे जमली. ब्रिटनच्या किनाऱ्यावरून तोपर्यंत एवढा मोठा काफिला परमुलखात क्वचितच निघाला असेल.

गंमत अशी, की २८ जुलै १८०९ रोजी हा काफिला निघाला तेव्हा ज्याच्या मदतीसाठी तो निघाला होता तो ऑस्ट्रिया आधीच हरला होता. वाग्रामची लढाई ५ व ६ जुलैला झाली होती आणि १२ जुलैला तहकुबीचा करारही झाला होता!

बेटावर काय घडले?

३० जुलैला फौज वाल्खेरेनवर उतरू लागली. हे बेट पाहिले तर कोणालाही आवडावे असे होते. हिरवी शेते, फळबागा, टुमदार गावे. पण त्याची जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीहूनही सखल. सभोवती मातीचे बांध घालून समुद्र थोपवलेला. शेतांमधून चरांचे जाळे. त्यांत गोडे आणि खारे पाणी मिसळून साचलेले, संथ आणि शेवाळलेले.

बेटाचे मुख्य बंदर व्लिसिंगेन. इंग्रज त्याला फ्लशिंग म्हणत. त्याला वेढा पडला. फ्रेंच सेनापतीने बांध फोडून समुद्राचे पाणी आत घेतले आणि बेटाचा बराच भाग जलमय झाला. १३ ऑगस्टला ब्रिटिशांचा भडिमार सुरू झाला. या भडिमारात काँग्रीव्हचे अग्निबाणही होते. हैदर आणि टिपू यांच्या म्हैसूरच्या फौजेने ब्रिटिशांवर सोडलेल्या लोखंडी नळीच्या बाणांवरून ते सुचलेले होते. गावाचा मोठा भाग जळाला आणि १५ ऑगस्टला व्लिसिंगेनने शरणागती पत्करली.

इथवर मोहीम यशस्वी वाटत होती. पण याच सुमारास छावणीत एकेक सैनिक थंडी वाजून कुडकुडू लागला. प्रथम थंडी, मग फणफणून ताप, मग दरदरून घाम. थोडा आराम, आणि पुन्हा तेच. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात हा आजार वणव्यासारखा पसरला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आजाऱ्यांची संख्या सुमारे आठ हजारांवर गेली. इस्पितळे अपुरी पडली. घरे, कोठारे, चर्चे, जिथे जागा मिळेल तिथे माणसे जमिनीवर ओळीने निजवली गेली. भडिमारात अनेक घरांची छपरे उडाली होती आणि ती उडवणाऱ्या फौजेचेच आजारी लोक आता त्या घरांत भिजत पडले होते.

ऑगस्टअखेरच सेनापतींनी अँटवर्पचा नाद सोडला. चॅटॅम सप्टेंबरात मायदेशी परतला. तरीही बेट ताब्यात ठेवायचे म्हणून मोठी शिबंदी मागे राहिली आणि आजारी पडत राहिली. शेवटची तुकडी डिसेंबर १८०९ मध्ये निघाली. अँटवर्पच्या गोद्या शाबूतच होत्या.

नेपोलियनला हा मुलूख ठाऊक होता. इंग्रजांशी लढण्याची घाई करू नका, त्यांना त्या दलदलीत अडकवून ठेवा, ताप त्यांचा समाचार घेईल, अशा अर्थाच्या सूचना त्याने आपल्या लोकांना दिल्या होत्या. त्याचा अंदाज खरा ठरला.

हे आधी ठाऊक नव्हते काय?

तुम्ही म्हणाल, ब्रिटिशांना तरी हे कसे कळावे? पण ते कळण्यासारखे होते. १७४७ साली ब्रिटिश तुकड्या याच प्रदेशात तापाने जर्जर झाल्या होत्या. सर जॉन प्रिंगल या सैन्यातील नामांकित डॉक्टराने त्याचे वर्णन आपल्या पुस्तकात केले होते आणि ते पुस्तक १७५२ साली छापले गेले होते. सैनिकी डॉक्टरांच्या कपाटात ते असायचेच. त्याच पुस्तकाच्या आधारे कोणीही सांगू शकला असता की ऑगस्ट-सप्टेंबर हा तिथला सर्वांत वाईट काळ.

पण मोहिमेचे ठिकाण गुप्त ठेवायचे म्हणून वैद्यकीय खात्याला आधी विचारलेच नाही. इस्पितळाची जहाजे, औषधे, डॉक्टर हे सारे अपुरे निघाले. ताप पसरल्यावर सैन्याच्या मुख्य वैद्याला बेटावर जाऊन पाहणी करण्यास सांगितले, तेव्हा छावणीतल्या रोगांची आपल्याला माहिती नाही असे सांगून त्याने अंग काढून घेतले! १८१० साली ब्रिटिश संसदेत चौकशी झाली आणि त्या वर्षी सैन्याचे वैद्यकीय मंडळच बरखास्त करण्यात आले.

इजिप्तहून वाल्खेरेनला

या गोंधळात बेटावर पाठवला गेलेला एक डॉक्टर आपल्या ओळखीचा व्हायला हवा. त्याचे नाव जेम्स मॅकग्रिगर. या माणसाचा मुंबईशी संबंध आहे.

१८०१ साली इजिप्तमधील फ्रेंचांविरुद्ध ब्रिटिशांनी दोन बाजूंनी फौजा धाडल्या होत्या. एक भूमध्य समुद्रातून आणि दुसरी हिंदुस्थानातून, तांबड्या समुद्रामार्गे. या दुसऱ्या फौजेचा सेनापती होता डेव्हिड बेअर्ड. तिच्यात गोऱ्या पलटणींबरोबर मुंबई इलाख्याच्या देशी पायदळाच्या तुकड्याही होत्या. ज्याला पुढे सारे जग वेलिंग्टन म्हणून ओळखू लागले तो आर्थर वेलस्लीही या फौजेबरोबर जायचा, पण ऐन वेळी मुंबईत आजारी पडल्यामुळे राहिला. कोसेर बंदरात उतरून या फौजेने नाईल नदीपर्यंतचे सुमारे १९० किलोमीटरांचे वाळवंट भर उन्हाळ्यात, रात्रीच्या रात्री चालून पार केले. पाण्याची टंचाई, अंगाची लाही करणारे ऊन. तरी या वाटचालीत माणसे दगावली ती फारच थोडी. पुढे नाईलच्या मुखाकडील वस्तीत आल्यावर मात्र प्लेगने तिला गाठले.

मॅकग्रिगर या फौजेचा प्रमुख डॉक्टर होता. कोणत्या महिन्यात, कोणत्या तुकडीत, किती आजारी, कोणत्या रोगाने, किती मेले, याची तो टिपणे ठेवी. १८०४ साली त्याने या मोहिमेच्या वैद्यकीय हकिगतीचे पुस्तकही प्रसिद्ध केले.

आता इजिप्त आणि वाल्खेरेन यांची तुलना करा. त्या काळी पुष्कळांची समजूत अशी, की उष्ण देशाची उष्णताच युरोपियनांना मारते. पण तापलेल्या वाळवंटात फौज धडधाकट राहिली आणि थंड हवेच्या हॉलंडात, बागबगीच्यांच्या बेटावर, ती झोपली! केवळ उष्णता हे कारण नव्हे, एवढे या दोन मोहिमांवरून उघड होते.

वाल्खेरेनवर मॅकग्रिगरने आजाऱ्यांची व्यवस्था लावली. सिंकोना झाडाची साल हे या तापावरचे एकमेव गुणकारी औषध होते. तिचा साठा संपला तेव्हा एका अमेरिकन जहाजावर ती विक्रीला आल्याचे कळताच त्याने ती विकत घेतली. ही साल का लागू पडते हे त्याला माहीत नव्हते. तिच्यातले क्विनीन पेल्टिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे काढले ते १८२० साली. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला ठाऊक असलेले कडू ‘कोयनेल’ ते हेच.

दूषित हवेची उपपत्ती

मग त्या काळचे डॉक्टर या तापाचे कारण काय सांगत? ते म्हणत, दलदलीत झाडपाला कुजतो, त्यातून विषारी वाफ निघते आणि ती श्वासावाटे शरीरात शिरली की ताप येतो. ‘मलेरिया’ हा शब्दच मुळी इटालियन भाषेतील ‘वाईट हवा’ या अर्थाच्या शब्दांपासून बनला आहे. आपण त्याला हिवताप म्हणतो, कारण हुडहुडी भरते. त्यांनी त्याला वाईट हवा म्हटले, कारण त्यांना तेच कारण वाटले.

या उपपत्तीला हसू नका. ती मूर्ख माणसांची नव्हती. निरीक्षणे पहा : दलदलीजवळ ताप जास्त, डोंगरावर कमी. उन्हाळ्याच्या अखेरीस जास्त. कडक थंडीत कमी. रात्री उघड्यावर झोपणाऱ्याला जास्त. बंद घरात झोपणाऱ्याला कमी. दलदल बुजवली की ताप ओसरतो. ही सगळी निरीक्षणे बरोबर होती! आणि वाईट हवेच्या कल्पनेने त्या सर्वांचा उलगडा होत होता. मग चूक कुठे होती?

लंबकाचा धडा

हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत चला. समजा, एका विद्यार्थ्याने दोन साधे लंबक टांगले. एकाला लाकडी गोळा, दोरी २५ सेंटिमीटर. दुसऱ्याला तेवढ्याच आकाराचा पितळी गोळा, दोरी १०० सेंटिमीटर. त्याने दोलनकाल मोजले. लाकडी गोळ्याला एका दोलनास १ सेकंद, पितळी गोळ्याला २ सेकंद. त्याने वहीत लिहिले : ‘गोळा जड असला की लंबक सावकाश झुलतो.’

त्याचे मोजमाप अचूक आहे, पण निष्कर्ष साफ चूक आहे. कारण त्याने दोन गोष्टी एकदम बदलल्या. गोळा बदलला तशी दोरीही बदलली. दोलनकाल वाढला तो दोरीमुळे. गोळ्याच्या वजनाचा त्याच्याशी संबंध नाही. हे त्याला कधी कळेल? एक गोष्ट तीच ठेवून दुसरी बदलेल तेव्हा. एकाच लांबीच्या दोरीला आधी लाकडी आणि मग पितळी गोळा बांधून पाहिला, की दोन मिनिटांत सत्य बाहेर येते.

वाल्खेरेनच्या डॉक्टरांची अडचण नेमकी हीच होती. जिथे दलदल, तिथे तिची हवा. पण जिथे दलदल, तिथे डासही! रात्री दलदलीची हवा अंगावर येते, आणि रात्रीच डास चावतात. दलदल बुजवली की वास जातो, आणि डासही जातात. निसर्गात या दोन गोष्टी सदैव जोडीने येतात. नुसते पाहत राहून त्या कधीच वेगळ्या करता आल्या नसत्या. डासाकडे संशयाने पाहावे असे त्यांना वाटले नाही. तो तर बिचारा सगळ्यांनाच चावत होता!

हवा वेगळी, डास वेगळा

या कोड्याची उकल टप्प्याटप्प्याने झाली. १८८० साली लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरला अल्जीरियात हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात सजीव परोपजीवी जंतू दिसले. नंतर आपल्याच देशात, सिकंदराबादला, रोनाल्ड रॉस हा लष्करी वैद्यकीय सेवेतला डॉक्टर डासांची पोटे सूक्ष्मदर्शकाखाली उघडून पाहत बसला. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला चावलेल्या डासांच्या जठराच्या भिंतीत २० ऑगस्ट १८९७ रोजी त्याला त्या जंतूची वाढ होताना दिसली. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून, हा जंतू डासाच्या लाळेच्या ग्रंथींत पोचतो आणि दंशावाटे दुसऱ्या पक्ष्यात शिरतो, हे त्याने दाखवले. त्याच सुमारास इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप ॲनॉफेलीस जातीचे डास पसरवतात हे सिद्ध केले.

तरीही शंका घेणारे होतेच. म्हणून १९०० साली दोन सुंदर प्रयोग झाले. त्यांत आपल्या लंबकाचीच युक्ती आहे, हे तुमच्या लगेच लक्षात येईल.

पहिला प्रयोग : रोमजवळच्या ओस्टिया येथील हिवतापासाठी कुप्रसिद्ध दलदलीत एक लाकडी झोपडी उभारण्यात आली. दारे-खिडक्यांना बारीक तारेची जाळी. सँबॉन आणि लो हे डॉक्टर आपल्या सोबत्यांसह ऐन हिवतापाच्या मोसमात तिथे राहिले. दिवसा ते मोकळे फिरत, पण सूर्यास्तापूर्वी झोपडीत येत आणि सूर्योदयानंतर बाहेर पडत. रात्रभर दलदलीची हवा जाळीतून खुशाल आत येत होती. डास मात्र येऊ शकत नव्हते. म्हणजे हवा होती, डास नव्हते. त्यांना हिवताप झाला नाही.

दुसरा प्रयोग : रोममध्ये हिवतापाच्या रोग्यांचे रक्त प्यालेले डास लंडनला आणले. पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टराच्या तरुण मुलाने स्वखुशीने ते स्वतःला चावून घेतले. लंडनमध्ये दलदलीची हवा नव्हती, फक्त डास होते. त्याला हिवताप झाला, रक्तात जंतूही दिसले. क्विनीन देऊन त्याला बरे करण्यात आले.

हवा आहे, डास नाही : ताप नाही. डास आहे, हवा नाही : ताप आहे. झाले! शेकडो वर्षे जोडीने फिरणाऱ्या दोन गोष्टी एका उन्हाळ्यात वेगळ्या झाल्या.

वाल्खेरेनकडे पुन्हा एकदा

आता या ज्ञानाच्या उजेडात १८०९ सालचे बेट पुन्हा पाहू. उत्तर युरोपच्या किनाऱ्यावर ॲनॉफेलीस डासाची एक जात अशी आहे, की ती किंचित खाऱ्या पाण्यातही उत्तम वाढते आणि घरे-गोठे यांत आश्रय घेते. चर तुंबलेले, बांध फोडल्याने समुद्राचे पाणी आत शिरलेले, ऑगस्टची ऊब, आणि बेटावर दाटीने राहणारी हजारो नवखी माणसे. डासांना याहून चांगली मेजवानी कोणती? डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. फौज ३० जुलैला उतरू लागली. त्यात दोन आठवडे मिळवा. छावणीत आजार पसरू लागला तो याच सुमारास.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. तिथल्या हिवतापाचा जंतू, म्हणजे प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स, त्रास पुष्कळ देतो, पण एवढ्या माणसांना सहसा मारत नाही. म्हणून अलीकडे काही डॉक्टर-इतिहासकारांनी असे प्रतिपादन केले आहे की ‘वाल्खेरेनचा ताप’ हा एक रोग नसून अनेक रोगांची मिसळ असावी. हिवतापाने माणसे खंगली. त्यातच दाटीवाटीमुळे उवांतून पसरणारा टायफस, घाण पाण्यातून विषमज्वर आणि आमांश यांनी त्यांना गाठले. कारण एकच असते असे धरून चालणे हीदेखील एक चूकच!

आणखी एक कोडे होते. बेट सोडून मायदेशी परतलेल्या आणि नंतर स्पेन-पोर्तुगालच्या लढाईवर गेलेल्या शिपायांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा ताप येई. वेलिंग्टनने तर वाल्खेरेनला जाऊन आलेल्या पलटणी आपल्याकडे पाठवू नका असे कळवले होते. दलदल मागे राहिली, तिची हवा मागे राहिली, मग ताप बरोबर कसा आला? वाईट हवेच्या उपपत्तीला याचे समाधानकारक उत्तर देता येत नव्हते. आज आपल्याला माहीत आहे, की व्हायव्हॅक्स जंतूची काही रूपे यकृतात सुप्तावस्थेत पडून राहतात आणि कित्येक महिन्यांनी पुन्हा जागी होतात. हा शोध तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. हॉलंडमधून हिवतापाचे पुरते उच्चाटन झाल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेने १९७० साली केली.

हिशेब ठेवणाऱ्याचे ऋण

वाल्खेरेन हा काही एकटाच प्रसंग नव्हे. १७९३ ते १७९८ या काळात वेस्ट इंडीजमधील सेंट डोमिंग येथे धाडलेल्या सुमारे वीस हजार ब्रिटिश सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक मेले, आणि त्यांतले बहुतेक पीतज्वराने व इतर तापांनी. नेपोलियनने १८०२ साली त्याच भूमीवर धाडलेल्या फौजेचीही तीच गत झाली. तिचा सेनापती लक्लेर स्वतः पीतज्वराने गेला. शत्रू बदलले, झेंडे बदलले. डास तेच राहिले.

मॅकग्रिगर पुढे १८१२ मध्ये वेलिंग्टनच्या फौजेचा प्रमुख वैद्यकीय अधिकारी झाला. प्रत्येक पलटणीकडून आजाऱ्यांचे नियमित तक्ते मागवायचे, हा त्याचा पहिला आग्रह. १८१५ पासून १८५१ पर्यंत तो ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय खात्याचा प्रमुख होता. जगभरच्या छावण्यांतून त्याच्याकडे तक्ते येत राहिले. त्या ढिगाऱ्यातून मार्शल आणि टुलॉक यांनी १८३८ पासून सैनिकांच्या आरोग्याचे आकडेवारीसह अहवाल प्रसिद्ध केले. कोणती छावणी घातक, कोणती निरोगी, हे प्रथमच अंदाजाने नव्हे तर आकड्यांनी सांगता येऊ लागले.

डास कारण आहे हे मॅकग्रिगरला कधीच कळले नाही. पण कारण ठाऊक नसतानाही दोन गोष्टी करता येतात : नीट मोजता येते, आणि आधी मोजलेले वाचता येते. वाल्खेरेनला जे चार हजार लोक मेले, ते डासाची माहिती नव्हती म्हणून मेले हे अर्धेच सत्य आहे. प्रिंगलचे पुस्तक कपाटात होते, ते उघडले नाही, हे दुसरे अर्धे. मोहीम दोन-तीन महिने मागेपुढे करता आली असती, सालीचा साठा भरपूर नेता आला असता, दलदलीतल्या छावण्या लवकर उठवता आल्या असत्या. यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. जाणकाराला विचारण्याची गरज होती.

शिक्षकमित्रांना एक विनंती. लंबकाच्या तासाला केवळ सूत्र पडताळून थांबू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम का पाळायचा, हे विद्यार्थ्यांना सांगताना वाल्खेरेनचे आकडे फळ्यावर लिहा. तो नियम गुणांसाठी नाही, हे त्यांना आपोआप कळेल.

तुम्ही करून पहा

१. सुरुवातीच्या आकड्यांवरून रोगाने मेलेल्यांचे आणि १ फेब्रुवारी १८१० रोजी आजारी असलेल्यांचे शेकडा प्रमाण काढा. (उत्तरे : सुमारे १०.१ आणि २९.४.)

२. वर सांगितलेले दोन लंबक तयार करा. प्रत्येकाची वीस दोलने मोजून दोलनकाल काढा. मग गोळ्यांची अदलाबदल करा, पण दोऱ्यांची लांबी तीच ठेवा. लांबी टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा. काय आढळते?

३. पावसाळ्यात छत्र्यांचा खप वाढतो आणि हिवतापाचे रुग्णही वाढतात. छत्र्यांमुळे हिवताप होतो काय? या दोहोंच्या मागे असलेली तिसरी गोष्ट कोणती? केवळ आकड्यांवरून नव्हे, तर प्रयोगाने तुमचे म्हणणे कसे सिद्ध कराल?

४. डासाच्या अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास व्हायला आपल्याकडच्या उबदार हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. मग पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी ठेवावीत असे का सांगतात? आज घरी गेल्यावर कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, गच्चीवरची डबडी तपासा. किती ठिकाणी पाणी साचले आहे ते मोजा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजा. मॅकग्रिगरने आयुष्यभर तेच तर केले!